ठराव मुरुडचा, ठराव हेरवाडचा आणि आपला

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सचिवभाऊ घरी आले आणि म्हणाले, "बाई, पंचवीस वर्षं झाली आपल्या संस्थेला. तुम्ही बोला काहीतरी. विषय तुमच्या मनाचा घ्या, फक्त लांबवू नका." मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे लांबवायची सवय आहे. पण आज घड्याळ समोर ठेवलंय.

विषय घेतलाय महर्षी धोंडो केशव कर्वे. तुम्ही म्हणाल, बाईंनी पाचवीचं पुस्तक उघडलं. खरं आहे. मीसुद्धा वर्षानुवर्षं तसंच शिकवलं. जन्म 18 एप्रिल 1858, भारतरत्न 1958, मृत्यू 9 नोव्हेंबर 1962. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, एका वाक्यात उत्तर लिहा. मुलांना गुण मिळाले, मला पगार मिळाला. कर्वे मात्र मला कळले ते हे गेल्यानंतर. ते कसं, हे पुढे सांगते.

आधी माणूस कसा होता ते बघू. कर्वे कोकणातले. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. घरची गरिबी. सतरा वर्षांचे असताना सहावीची सरकारी परीक्षा द्यायला ते मुरुडहून साताऱ्याला पायी गेले. शंभर मैलांहून जास्त वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट. पोहोचले तर परीक्षा घेणाऱ्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, तू काही सतरा वर्षांचा दिसत नाहीस. बसू दिलं नाही. आले तसे परत. आपल्या पोराला बस चुकली म्हणून पेपर हुकला तर आपण महिनाभर घर डोक्यावर घेतो. या मुलाने पुढे दुसरीकडे जाऊन ती परीक्षा दिली, पास झाला, मुंबईला शिकला, बी.ए. झाला आणि 1891 मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला.

गणिताचा प्राध्यापक, हे लक्षात ठेवा. कर्वे वक्ते नव्हते. टिळक-आगरकरांच्या पुण्यात, जिथं शब्दांची आतषबाजी चालायची, तिथं हा माणूस मान खाली घालून हिशेब मांडत बसायचा. पण जे मनाला पटलं ते त्यांनी आधी स्वतःच्या घरात केलं. जगाला सांगणं नंतर.

1891 सालीच त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. पदरी मुलगा. त्या काळात तिशीतल्या विधुराला बारा-तेरा वर्षांची मुलगी सहज मिळायची. कुणी नाव ठेवलं नसतं. उलट लोकांनीच स्थळं आणली असती. कर्वे म्हणाले, करायचं झालं तर विधवेशीच करीन. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी, त्यांची बहीण गोदूबाई. लग्न झालं आठव्या वर्षी आणि काही महिन्यांतच नवरा गेला. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत ती विधवा झाली. पुढं पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदासदन काढलं, तिथं ती शिकली. त्या शाळेची ती पहिली विधवा विद्यार्थिनी. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं. गोदूबाईची आनंदीबाई झाली. सगळे तिला बाया म्हणत.

आता पहिला ठराव. नवरा-बायको मुरुडला गेले, तेव्हा गावाची सभा भरली. सभेनं ठरवलं की कर्व्यांबरोबर एका बैठकीला कुणी बसायचं नाही आणि त्यांना घरात घेणाऱ्यावर बहिष्कार. आई गावात, भाऊ गावात, बहीण गावात, आणि पोराला आईच्या घरात राहायची सोय नाही. विचार करा, गुन्हा काय? तर एका बाईला कुंकू लावलं.

आपल्या गावाकडं बघत बघत हे मी तुम्हाला सांगतेय, कारण मुरुडची माणसं काही वाईट नव्हती. तुमच्या-माझ्यासारखीच होती. अडीअडचणीला धावून जाणारी, देवळाला वर्गणी देणारी. पण ठराव झाला की माणूस ठरावामागं लपतो. "मला काही नाही हो, पण गावाचं ठरलंय ना."

कर्वे रागावून गावाच्या नावानं बोटं मोडत बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी उभी केली आणि दोन वर्षांनी तिचं नाव बदलून घेतलं, विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी. नाव लांबलचक आहे, पण त्यातला फरक बघा. लग्न करा असा आग्रह नाही. जिला करायचंय तिच्या वाटेतला प्रतिबंध, म्हणजे अडथळा, काढायचा. पुढं त्यांच्या लक्षात आलं की लग्न हे काही सगळ्यांच्या प्रश्नाचं उत्तर नाही. बाई शिकली, स्वतःच्या पायावर उभी राहिली तर काय करायचं ते तीच ठरवील. म्हणून 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढायचं ठरलं आणि 1900 मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला माळावरच्या एका झोपडीत गेला. दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचं, संध्याकाळी चालत हिंगण्याला जायचं, तिथं मुलींना शिकवायचं आणि सकाळी परत चालत कॉलेजात. पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे नुसता चिखल. आपल्या कॉलनीची पहिली दोन वर्षं ज्यांना आठवतात त्यांना मी जास्त सांगायला नको. मुरूम पडायच्या आधी आपणही चपला हातात घेऊन घरी आलोय.

त्या झोपडीतून 1907 मध्ये महिला विद्यालय झालं आणि 1916 मध्ये महिलांचं विद्यापीठ. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली होती, ती वाचून हे सुचलं. सुरुवातीला विद्यार्थिनी किती? हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी आपल्या आईच्या नावे 15 लाखांची देणगी जाहीर केली आणि ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झालं. आज आपण ज्याला एस.एन.डी.टी. म्हणतो ते हेच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, म्हणजे 1936 मध्ये, या गृहस्थांनी खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केलं. आणि 1944 मध्ये जातिभेद मोडायला समता संघ. आपण साठीला टेकलो की म्हणतो, आता आपलं काय राहिलंय.

पण मी शाळेत जे कधीच शिकवलं नाही ते आता सांगते. या सगळ्याची किंमत घरात कुणी मोजली? बायानं. कर्वे मिळालेला पैसा आश्रमात घालत. आपली विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकली. बायाला ते पटलं नाही. घरात लेकरं, उद्या यांचं काही झालं तर खायचं काय? ती एकदा विधवा होऊन बसलेली बाई होती. नवरा गेल्यावर घराचं काय होतं हे तिला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. ती नागपूरला जाऊन सुईणीचं आणि शुश्रूषेचं काम शिकून आली. आश्रमासाठी दारोदार वर्गणीही मागितली. तिनं आपली हकीकत 'माझे पुराण' या पुस्तकात सांगितली आहे. नवऱ्याची थोरवी तिला मान्य होती, पण रुसवा लपवलेला नाही. ते पुस्तक वाचल्यावर माझ्या मनात कर्वे कमी झाले नाहीत, पण त्यांच्या शेजारी एक बाई उभी राहिली.

बायाची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. तीही विधवा. केशवपन केलेली. ती आश्रमात आली, शिकली, आश्रमासाठी गावोगाव फिरली. पुढं तिनं डोक्यावरचे केस पुन्हा वाढवले आणि 1918 मध्ये इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेली. तिथं लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करून राहिली. जिला आपल्याकडं शुभकार्यात समोर यायची बंदी, ती एकटी समुद्र ओलांडून गेली आणि परत येऊन कामाला लागली.

आता कुणी म्हणेल, बाई, हा पुण्याच्या ब्राह्मणांचा प्रश्न. आपल्याकडं मराठवाड्यात बहुतेक जातींत पाट लागायचा, म्होतूर व्हायचा. बरोबर आहे. हिंगण्याचा आश्रम बराच काळ वरच्या जातींतल्या विधवांपुरताच राहिला, हीही खरी गोष्ट आहे. कर्व्यांच्या तीस वर्षं आधी, 1863 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथं बाळंतपणाची जागा होती. तो मान त्यांचाच. पण पाट लागायचा म्हणजे तरी कसा? अंधारात, वाजंत्रीविना, चारचौघांची नजर चुकवून. आणि पाटाच्या बाईला लग्नाच्या बाईचा मान कुठं होता? लग्न होतं की नाही एवढाच प्रश्न नव्हता. प्रश्न मानाचा होता, आणि तो कुठल्या एका जातीचा नव्हता.

विधवाविवाहाचा कायदा इंग्रजी मुलखात 1856 सालीच झाला होता. कर्व्यांचं लग्न त्यानंतर सदतीस वर्षांनी. म्हणजे कायद्यानं गुन्हा नव्हता, तरी गावानं वाळीत टाकलं. आपण तर निजामाच्या राज्यात, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. पुण्यामुंबईची वर्तमानपत्रं इथं किती हातांत पडत असतील? मुदखेडच्या जुन्या वाड्यात माझ्या वडिलांची आत्या होती. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. लग्न नवव्या वर्षी, विधवा अकराव्या वर्षी. मी तिला पाहिलं ते लाल आलवणातच. आपल्या मुदखेडची फुलं नांदेडला, हैदराबादला जातात. तेव्हाही घरोघर फुलं यायची. आत्याआजीइतके सुरेख गजरे कुणी करत नसे. गावातल्या लग्नाचे हार तिच्याकडून ओवून जायचे. ती मागच्या ओसरीवर बसून ओवायची, कारण पुढच्या अंगणात यायची तिला मुभा नव्हती. मी लहान होते. एकदा तिच्या डोक्यावरच्या पदराला गजरा खोचायला गेले तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "नको माय, मला टोचतंय." कितीतरी वर्षं मला वाटायचं की मोगरा खरंच टोचतो.

ही झाली जुनी गोष्ट. आता नवी. ही सांगायला मला जड जातंय, पण रौप्यमहोत्सवात नुसती गोड गोड भाषणं करायची तर फोटो काढून घरी जाऊ.

संस्था झाली त्याच्या दुसऱ्या वर्षापासून संक्रांतीचं हळदीकुंकू सुरू झालं. पहिली बारा वर्षं त्याची यादी माझ्याकडं होती. घर क्रमांक, नाव, आणि पुढं बरोबरची खूण. त्यात एका घरापुढं मी कधी खूण केली नाही. आपल्याच गल्लीतल्या एक बाई, त्यांचे यजमान प्लॉट घेतल्यावर वर्षाच्या आत गेले होते. त्यांनीच मुलांना वाढवलं, त्यांनीच घर बांधलं. विटा मोजून घेताना मी त्यांना पाहिलंय. माझ्या बाळंतपणातल्या लेकीला रात्री नांदेडला न्यायचं होतं तेव्हा रिक्षा त्यांनीच आणली. पण यादीत खूण नाही. मला वाटायचं, बोलावलं तर त्यांनाच वाईट वाटेल. मीच कर्वे शिकवणारी! फळ्यावर लिहायचे, "महर्षी कर्वे यांनी विधवांच्या उद्धारासाठी..." आणि घरी येऊन यादी करायचे.

मग हे गेले. रेल्वेतून निवृत्त होऊन दोनच वर्षं झाली होती. पहिली संक्रांत आली. दुपारी मी दारात उभी होते. वाटी आणि यादी घेऊन एक नवी सूनबाई गल्लीतून आली. माझ्या फाटकाशी थांबली, यादी पाहिली, माझ्याकडं पाहून ओशाळली आणि पुढच्या घरी गेली. त्या पोरीचा काही दोष नाही. यादी तर मीच घालून दिलेली होती.

संध्याकाळी मी उठले आणि त्या बाईंच्या घरी गेले. तिळाचे लाडू घेऊन. काय बोलावं सुचेना. म्हटलं, "वहिनी, बारा वर्षं उशीर झाला." त्यांनी मला आत घेतलं, चहा टाकला आणि म्हणाल्या, "बसा. मला वाटलंच होतं तुम्ही याल." त्यावर मी काय बोलणार? आज त्या इथं बसल्या आहेत. त्यांना विचारूनच हे सांगतेय.

आणखी एक. यांनी शेअर सर्टिफिकेट नीट फाईलला लावलं होतं, पण नामनिर्देशनाचा अर्ज भरायचा राहून गेला होता. प्रेमळ माणूस, पण "आपल्याला काय होतंय" असा स्वभाव. घर माझ्या नावावर व्हायला दीड वर्ष हेलपाटे घातले. मग मला बायाचं भांडण कळलं. विम्याच्या पॉलिसीवरून ती का बोलली असेल हे स्टॅम्पपेपर घेऊन रांगेत उभं राहिल्यावर कळतं. हक्क आपल्याला कायद्यानं आहे. 1937 च्या कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मर्यादित हक्क मिळाला, 1956 च्या वारसा कायद्यानं पूर्ण. पण कागद पुरा नसेल तर हक्क असूनही बाईला उंबरे झिजवावे लागतात.

आता दुसरा ठराव. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हे उदाहरण डोळ्यांपुढं ठेवायला सांगितलं. मुरुडच्या सभेनं 1893 मध्ये ठराव केला एका बाईला कुंकू लावलं म्हणून. हेरवाडच्या सभेनं 2022 मध्ये केला कुणाचं कुंकू पुसू नये म्हणून. मध्ये गेली 129 वर्षं. गावाची सभाच माणसाला बाहेर काढते आणि गावाची सभाच आत घेते. सभा म्हणजे कोण? हात वर करणारी तुम्ही-आम्हीच.

म्हणून संस्थेच्या पंचविसाव्या वर्षी माझं मागणं दोन ओळींचं आहे. याला खर्च शून्य.

पहिलं, संक्रांतीच्या यादीतून खुणा काढून टाका. फक्त घर क्रमांक ठेवा. प्रत्येक घरी बोलावणं जाईल. जिला यायचं ती येईल, जिला कुंकू लावायचं ती लावील, जिला नको तिला आग्रह नाही. कर्व्यांच्या मंडळीचं नाव आठवा, प्रतिबंध निवारक. अडथळा काढायचा, पुढचं तिचं ती ठरवील.

दुसरं, येत्या सर्वसाधारण सभेआधी प्रत्येक सभासदानं आपला नामनिर्देशनाचा अर्ज भरलाय का ते कार्यालयात येऊन बघावं. नॉमिनी झाली म्हणजे बायको लगेच मालक झाली असं नव्हे, वारसाहक्क वेगळा. पण निदान संस्थेच्या दारात तिला कुणी "तुम्ही कोण?" असं विचारणार नाही. जमल्यास तिचं नाव सहयोगी सभासद म्हणून आताच लावा. जिवंतपणी लावलेलं नाव जास्त शोभतं. पुरुषमंडळी हसताहेत, पण मी ओळखते, यातल्या अर्ध्यांचे रकाने रिकामे आहेत.

कर्वे एकशेचार वर्षं जगले. आपल्याला तेवढी वर्षं नकोत आणि भारतरत्नही नको. त्यांच्यासारखं विद्यापीठ आपल्याच्यानं व्हायचं नाही. पण त्यांनी सुरुवात जिथून केली ती जागा आपल्यापाशीही आहे, आपलं घर. आपलंच फाटक, आपलीच यादी.

आत्याआजी जाऊन आता खूप वर्षं झाली. गेल्या संक्रांतीला मी आणि आमच्या वहिनी, दोघींनी बाजारातून मोगरा आणला, ओवला आणि डोक्यात माळला. खरं सांगते मैत्रिणींनो, मोगरा टोचत नाही.

घड्याळ पुढं गेलंय, सचिवभाऊ बघताहेत. संस्थेला पुढच्या पंचवीस वर्षांसाठी शुभेच्छा देते आणि थांबते.